चला, कोट्याधीश होऊ या!

मुलांनो, आधी एक छोटीशी परीक्षा. घाबरू नका, मार्क नाहीत!

एक मुलगा म्हणाला, "बाई, आज माझी पाठ दुखतेय." त्यावर शेजारचा म्हणाला, "तुझी निदान आहे म्हणून दुखतेय. माझा तर पाठच होत नाहीये!"

हसलात? मग तुम्ही पास. नाही हसलात? तरीही पास! ते कसं काय, हे लेख संपेपर्यंत तुमचं तुम्हालाच कळेल.

पहिल्या मुलाची पाठ म्हणजे दप्तराचं ओझं वाहणारी पाठ. दुसऱ्याचं पाठ म्हणजे घोकंपट्टी. कानाला शब्द एकच, अर्थ मात्र दोन. अशा गमतीला आपण 'कोटी' म्हणतो. व्याकरणाच्या पुस्तकात हीच कोटी कोट-टोपी घालून बसते आणि स्वतःला 'श्लेष' म्हणवून घेते. आणि बघा हं, 'कोटी' या शब्दावरही कोटी होते, कारण कोटी म्हणजे शंभर लाखसुद्धा! म्हणून तर पु. ल. देशपांडे यांना लोक कौतुकाने 'कोट्याधीश' म्हणत. बँकेत कितीही असोत, जिभेवर मात्र कोट्याच कोट्या.

हे दोन 'पाठ' एकसारखे झाले तरी कसे? दुखणारी पाठ आली संस्कृतातल्या 'पृष्ठ' या शब्दापासून. पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडात घासून घासून तिची 'पाठ' झाली. घोकायचा 'पाठ' मात्र संस्कृतातून जसाच्या तसा आला. म्हणजे एक जण पेठहून निघाला, दुसरा येवल्याहून. दोघेही नाशिकच्या सीबीएसवर उतरले आणि बघतात तर काय, दोघांचे शर्ट अगदी सारखे! लोकांनी गोंधळायचं नाही तर काय करायचं? कोटी म्हणजे हाच गोंधळ, फक्त मुद्दाम घातलेला.

आम्हा नाशिककरांना तर कोटीचं वावडं असूच नये. शूर्पणखेचं नाक इथं कापलं गेलं म्हणून गावाचं नाव नासिक पडलं, असं आजी-आजोबा सांगतात. आता नाकावरून नाव पडलेल्या गावात नाके तरी किती असावेत! मुंबई नाका आहे, पेठ नाका आहे. एक नाक गेलं, पण नाके राहिले!

"शी! काय पीजे आहे!" असं म्हणालात ना? म्हणा, म्हणा. कोटीला मिळणारी ती सगळ्यात जुनी दाद आहे. कपाळावर हात मारून 'शी' म्हणणारा माणूस दहा मिनिटांनी तीच कोटी दुसऱ्याला ऐकवताना सापडतो.

होडीत सांगितलेली गोष्ट

आता अशी कल्पना करा, की एक अख्खी कादंबरीच अशा कोट्यांनी खच्चून भरली आहे. पानोपानी शब्दांच्या कोलांट्याउड्या. असं एक पुस्तक खरंच आहे, आणि ते एका गणिताच्या शिक्षकाने लिहिलं आहे. हो, गणिताच्या!

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च कॉलेजात चार्ल्स डॉजसन नावाचे गृहस्थ गणित शिकवायचे. ४ जुलै १८६२ या दिवशी ते आणि त्यांचे एक मित्र, लॉरिना, ॲलिस आणि ईडिथ या तीन बहिणींना घेऊन होडीतून फिरायला निघाले. ॲलिस तेव्हा दहा वर्षांची होती. मुली म्हणाल्या, गोष्ट सांगा. डॉजसन सांगत गेले, जशी सुचेल तशी. ॲलिसने मग हट्टच धरला की ही गोष्ट लिहून द्या. त्यांनी ती सुंदर अक्षरात लिहिली, स्वतः चित्रं काढली आणि १८६४ साली ती वही तिला भेट दिली. पुढच्याच वर्षी, १८६५ मध्ये, त्याच गोष्टीत भर घालून छापील पुस्तक झालं. त्यावर त्यांनी टोपणनाव घातलं लुईस कॅरल. पुस्तकाचं नाव 'ॲलिसेस ॲडव्हेंचर्स इन वंडरलँड'.

गोष्ट थोडक्यात सांगते. खिशातलं घड्याळ बघत पळणाऱ्या सशामागे धावताना ॲलिस एका बिळात पडते. तिथं काही खाल्लं की ती ताडमाड होते, काही प्यायलं की बोटभर. स्वतःच्याच आसवांच्या तळ्यात तिला पोहावं लागतं. एक मांजर हळूहळू नाहीसं होतं, पण त्याचं हसू मागे लोंबकळत राहतं. एके ठिकाणी चहाची वेळ कधी संपतच नाही, कारण घड्याळ कायम सहावरच! पत्त्यांची राणी उठल्याबसल्या मुंडकी उडवायचे हुकूम सोडते.

आणि जो भेटेल तो शब्दाला शब्द लावून भांडतो. इंग्रजीत शेपटीला 'टेल' म्हणतात आणि गोष्टीलाही 'टेल' म्हणतात. स्पेलिंग वेगळं, उच्चार एक. त्यामुळे उंदीर आपली 'टेल' सांगायला लागतो, तेव्हा ॲलिस त्याच्या शेपटीकडेच बघत बसते. पुस्तकातही ती गोष्ट शेपटीसारखी वेडीवाकडी, निमुळती होत जाणारी छापली आहे.

वाचणारे काय म्हणाले?

पुस्तक छापायच्या आधी डॉजसन यांनी हस्तलिखित आपले मित्र, लेखक जॉर्ज मॅक्डोनल्ड यांच्या घरी पाठवलं. तिथं ते मुलांना वाचून दाखवण्यात आलं. त्यांचा ग्रेव्हिल नावाचा सहा वर्षांचा मुलगा म्हणाला, की याच्या साठ हजार प्रती असायला हव्यात! सहा वर्षांच्या मुलाला साठ हजार म्हणजे किती हे कळत होतं की नाही, देव जाणे. पण 'खूप खूप' म्हणायचं होतं, हे नक्की.

आता मोठ्यांचं ऐका. १८६५ च्या डिसेंबरात 'अथेनियम' नावाच्या नावाजलेल्या साप्ताहिकाने या पुस्तकाबद्दल नाक मुरडलं. त्यांच्या मते गोष्ट ओढूनताणून रचलेली होती आणि खऱ्याखुऱ्या मुलाला ती आवडण्यापेक्षा कोड्यातच टाकेल. गंमत बघा, मुलांना काय आवडेल हे मोठ्यांनीच ठरवून टाकलं. ग्रेव्हिलला विचारलं असतं तर?

पुढे काय झालं ते तुमच्यासमोर आहे. त्या टीकेला दीडशेहून जास्त वर्षं झाली. पुस्तक अजून छापलं जातं, अजून वाचलं जातं. २०१५ साली त्याला दीडशे वर्षं झाली, तेव्हा अभ्यासकांनी त्याच्या भाषांतरांची मोजदाद केली. भाषा भरल्या १७४!

पण मला यात एक वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या पुस्तकातली ॲलिस स्वतः किती वेळा हसते? फारच थोड्या वेळा! बहुतेक वेळा ती गोंधळते, चिडते, रुसते. चहाच्या टेबलावर तिला एक कोडं घालतात आणि उत्तर विचारलं तर कोडं घालणाऱ्यालाच ते ठाऊक नसतं! तो उंदीर तर बोलण्यातल्या घोटाळ्यामुळे इतका दुखावतो की तरातरा निघूनच जातो. म्हणजे कॅरल यांना पक्कं माहीत होतं, की कोटी कळली नाही तर माणूस एकटा पडतो आणि वाईट वाटून घेतो. त्या पुस्तकात एक बाईसाहेबही आहेत. त्यांना प्रत्येक गोष्टीत बोध सापडतो. आपण धड्याखाली 'तात्पर्य' लिहितो ना, अगदी तश्शा! पुस्तकात तात्पर्य शोधणाऱ्या मोठ्या माणसांची कॅरल यांनी आधीच फिरकी घेऊन ठेवली आहे.

ॲलिसची झाली वेणू!

आता खरी अडचण. कोटीला पासपोर्ट मिळत नाही! भाषेची हद्द ओलांडली की ती तिथल्या तिथं मरते. मराठीत शेपटी म्हणजे शेपटी आणि गोष्ट म्हणजे गोष्ट. उच्चारात कुठेच मेळ नाही. मग भाषांतर करणाऱ्याने काय करायचं? शब्द सांभाळले तर हसू जातं आणि हसू सांभाळायचं तर शब्द बदलावे लागतात.

या पेचात आपल्याकडच्या दोघांनी उडी घेतली. एक तुमच्या ओळखीचे आहेत, फास्टर फेणेचे जनक भा. रा. भागवत. त्यांनी ॲलिसला मराठी केलं, तिचं नाव ठेवलं जाई आणि पुस्तकाचं नाव 'जाईची नवलकहाणी'. दुसरे आपल्या नाशिकशी नातं असलेले देवदत्त नारायण टिळक. त्यांच्याकडे ॲलिस आली ती वेणू होऊन. पुस्तकाचं नाव 'वेणू वेडगावात'.

देवदत्त टिळक म्हणजे 'फुलामुलांचे कवी' रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे चिरंजीव. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांनी सांगितलेल्या आठवणी म्हणजेच 'स्मृतिचित्रे' हे मराठीतलं गाजलेलं आत्मचरित्र. ते १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालं. आपल्या आईने आठवणी लिहाव्यात म्हणून मागे लागणारे देवदत्तच होते. 'स्मृतिचित्रे'तला दत्तू तो हाच. लक्ष्मीबाईंची भाषा साधी, घरगुती आणि मिस्कील. ऐन संकटातही स्वतःवर हसणारी. ज्या घरात अशी आई बोलत होती, त्या घरातल्या मुलाला शब्दांची गंमत शिकवायला वेगळी शाळा कशाला हवी?

आता 'वेणू वेडगावात' या नावाकडे जरा नीट बघा. इंग्रजी नावात 'वंडर' आहे, म्हणजे नवल. मराठी नावात आहे वेड! पुस्तकातलं ते हसरं मांजर ॲलिसला सांगतं, की इथं सगळेच वेडे आहेत. हा धागा मराठी नावाने थेट वरच आणून ठेवला. वेणू आणि वेडगाव यांतला 'वे' जिभेवर कसा उड्या मारतो, तेही बघा. शिवाय वेडगाव म्हटलं की मराठी कानाला आणखी एक गाव आठवतं. कोणतं? बरोब्बर! पेडगाव! कळत असून न कळल्याचं सोंग घेणाऱ्याला आपण 'वेड पांघरून पेडगावला निघालाय' असं म्हणतो. हे पेडगाव अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीगोंदा तालुक्यात आहे, खरंखुरं. इंग्रज मुलाला हे कुठून कळणार? म्हणजे मराठी करताना एक गंमत हरवली तर दुसरी, अस्सल इथली गंमत सापडू शकते.

आणि हे काही आपल्याकडेच घडलं असं नाही. रशियन भाषेत ॲलिसची 'आन्या' झाली, १९२३ साली. व्लादिमीर नाबोकोव्ह या लेखकाने ती केली. गोष्ट परक्या घरी राहायला गेली, की तिथलं नाव घेते आणि तिथले कपडे घालते.

आमच्या वर्गातली वेडगावं

आमच्या वर्गात मी ॲलिसची गोष्ट सांगते, तेव्हा मध्येच थांबते आणि मुलांना कामाला लावते. इंग्रजी कोटी समजावून सांगायची आणि म्हणायचं, "आता हिला मराठी करा!" पोरं काय काय काढतात, ऐका.

पुस्तकात उंदीर म्हणतो 'नॉट', म्हणजे 'नाही'. ॲलिसला वाटतं 'नॉट', म्हणजे दोऱ्याची गाठ. ती लगेच सोडवायला धावते. आमच्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, "सोप्पं आहे बाई! उंदीर चिडून म्हणेल, याद राख, गाठ माझ्याशी आहे! आणि ॲलिस म्हणेल, गाठ? थांब हं, सोडवून देते!" सांगा बरं, आहे की नाही मूळच्या तोडीस तोड?

'टेल'चं काय? पोरांना शेपटी आणि गोष्ट जुळवणारा शब्द सापडेना. शेवटी मागच्या बाकावरून आवाज आला, "उंदराची गोष्ट म्हणजे मारुतीचं शेपूट!" न संपणाऱ्या गोष्टीला आपण मारुतीचं शेपूट म्हणतोच की. एवढ्याशा उंदराला एवढं मोठं शेपूट, या कल्पनेनेच वर्ग खिदळला.

पुस्तकात समुद्रातल्या शाळेचे एक मास्तर आहेत, कासव. इंग्रजीत कासवाला 'टॉर्टॉइज' म्हणतात आणि 'टॉट अस' म्हणजे 'आम्हाला शिकवलं'. दोन्ही ऐकायला जवळजवळ सारखं. मराठीत? एकाने सुचवलं, "त्यांनी आम्हाला अभ्यासाची कास धरायला लावली, म्हणून ते कासव!"

पण सगळ्यांवर कडी केली ती एका गप्प गप्प राहणाऱ्या मुलाने. त्या समुद्रातल्या शाळेत पहिल्या दिवशी दहा तास अभ्यास, दुसऱ्या दिवशी नऊ, असा तो रोज कमी होत जातो. कारण इंग्रजीत धड्याला 'लेसन' म्हणतात आणि कमी होण्यालाही 'लेसन'च. या मुलाने विचार केला आणि म्हणाला, "बाई, तास रोज थोडा तासायचा. म्हणून तर त्याला तास म्हणतात!"

मी खडू खाली ठेवला आणि टाळ्या वाजवल्या. ही कोटी त्याने कुठे वाचली नव्हती. त्याच्या घरी सुतारकाम चालतं. लाकूड तासणं त्याच्या रोजच्या कानावरचं. नंतर मी शब्दाचं मूळ सांगितलं. घड्याळातला 'तास' फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि रंधा-वाकसाने लाकूड 'तासणं' आलं संस्कृतातून. दोन गावचे दोन प्रवासी, आणि पुन्हा सीबीएसवर सारखेच शर्ट!

न हसणाऱ्याचं काय?

आता तुम्हाला सुरुवातीचं वचन आठवत असेल, न हसणारेही पास म्हणून.

वर्गात कोटी झाली की तीन प्रकारची मुलं दिसतात. काही लगेच हसतात. काही बाकीचे हसले म्हणून हसतात. आणि काही नुसती बघत राहतात. या तिसऱ्यांकडे बघून कुणीतरी हळूच म्हणतं, "याची ट्यूब उशिरा पेटते!" झालं! त्या मुलाचा चेहरा एवढासा होतो.

एकदा आम्ही मनाचे श्लोक म्हणत होतो. आपल्या नाशिकच्या टाकळीला बारा वर्षं तप केलेल्या समर्थ रामदासांचे. बागलाणातून नुकतीच आलेली एक मुलगी मध्येच म्हणाली, "बाई, मना म्हणजे माझा ना?" वर्ग फिसकन हसला. ती गोरीमोरी झाली आणि खाली बसली.

मी तिला पुन्हा उभं केलं आणि म्हटलं, "सांग सगळ्यांना." तिच्या घरी अहिराणी बोलतात. अहिराणीत 'मना भाऊ' म्हणजे 'माझा भाऊ'. आपण 'हे मना' अशी हाक मारतो, तिला मात्र ऐकू येतं 'माझा'! ती धीर करून म्हणाली, "मग श्लोक समर्थांचा, पण त्यावर नाव माझंच की!"

आता गप्प बसायची पाळी कुणाची होती? वर्गाची! कारण ही कोटी कळायला दोन भाषा याव्या लागतात, आणि त्या फक्त तिलाच येत होत्या. मग तिने समजावून सांगितलं आणि सगळे हसले. या वेळी तिच्यावर नाही, तिच्याबरोबर.

पटतंय ना? कोटी पुस्तकात नसते, ती ऐकणाऱ्याच्या कानात असते. ज्याच्या कानात ते दोन्ही शब्द आधीपासून राहायला आलेले असतील, तो हसेल. एखाद्याच्या कानात त्यातला एक शब्द अजून पोचला नसेल, तर तो काही मठ्ठ नाही, त्याची गाडी फक्त दुसऱ्या रस्त्यानं येतेय. आपल्या जिल्ह्यात मालेगाव-सटाण्याकडे अहिराणी आहे, सुरगाणा-पेठेकडे कोकणा आहे. कुणाच्या घरी हिंदी, कुणाच्या घरी उर्दू, गुजराती. या मुलांना पुस्तकातली कोटी कदाचित उशिरा कळेल. पण त्यांच्या खजिन्यात दुप्पट शब्द आहेत. म्हणजे कोट्याही दुप्पट. खरे कोट्याधीश तेच!

म्हणून पुढच्या वेळी कुणी हसलं नाही, तर 'ट्यूब उशिरा पेटली' म्हणू नका. शेजारी सरका आणि दोन्ही अर्थ सांगा. आणि हो, तुम्हाला स्वतःला एखादी कोटी कळली नाही, तर खोटं खोटं हसू नका. "मला नाही कळली, सांग ना" म्हणा. ॲलिस तेच करते. सगळ्या वेडगावात न लाजता प्रश्न विचारणारी तीच एक आहे. आणि अख्ख्या पुस्तकाला नाव तिचंच आहे!

एखाद्याला कोट्या आवडतच नाहीत, असंही असतं बरं का. आमच्या वर्गात एक जण ठामपणे म्हणतो, "मला भुताची गोष्ट सांगा, ही शब्दांची कटकट नको." चालेल! पुस्तक आवडलंच पाहिजे अशी कुणी सक्ती केलेली नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ (पाठ न दुखणारा!)

१. वेणू किंवा जाई तुमच्या जवळच्या वाचनालयात आहे का, विचारा. नाशिकमध्ये असाल तर १८४० पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय आहेच. पुस्तक मिळालं तर शेपटी, गाठ आणि कासव यांचं त्यात काय केलंय ते बघा. मी मुद्दाम सांगत नाही!

२. पान, वर, कर, उत्तर, भाव. या प्रत्येक शब्दाचे किमान दोन अर्थ शोधा आणि एकेक कोटी तयार करा.

३. घरी आजीला विचारा, तिच्या बोलीतला असा कोणता शब्द आहे, जो शाळेच्या मराठीत वेगळ्याच अर्थाने येतो. त्यावरची कोटी वहीत लिहा आणि मित्राला समजावून सांगा.

तो कपाळावर हात मारून 'शी! काय पीजे!' म्हणाला, की समजा, तुमची पहिली कोटी जमा झाली.